आमच्या पग कुत्र्याचा डोळा दोन दिवस लाल आहे, चिपडं येतात, सारखा मिचकावतो. मागच्या वेळचे ड्रॉप उरलेत, तेच घालू का?

नको. आधी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. पुष्कळदा ते अँटिबायोटिकच्या जोडीला असतं, त्यामुळे लक्षात येत नाही.

मिचकावणं म्हणजे डोळा दुखतोय. पगचे डोळे बाहेर आलेले असतात, झोपेतही पापण्या नीट मिटत नाहीत, त्यामुळे कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम होणं अगदी नेहमीचं. त्यावर स्टेरॉइड पडलं की लाली उतरते, आपल्याला वाटतं औषध लागू पडलं, आणि खाली जखम भरणं थांबलेलं असतं. त्यातच जंतुसंसर्ग झाला तर कॉर्निया अक्षरशः विरघळायला लागतो. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटरच्या आसपास. भोक पडायला एखाद-दोन दिवसही पुरतात.

म्हणून आज-उद्यातच डॉक्टरांकडे न्या आणि तीन तपासण्यांबद्दल विचारा. पहिली अश्रूंची, कारण बाकीचे थेंब पडले की ती चुकते: कागदी पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट ठेवतात. १५ मिमी किंवा जास्त भिजली तर ठीक. १० च्या खाली आणि सोबत चिकट चिपडं असतील तर बहुधा कोरडा डोळा. त्याला सायक्लोस्पोरिनचं मलम लागतं, गुण यायला काही आठवडे जातात आणि बहुतेक वेळा ते जन्मभर घालावं लागतं. दुसरी फ्लुओरेसिन नावाच्या रंगाची: तो डोळ्यात घातला की जखम हिरवी चमकते. यात एक मेख आहे. कडा हिरवी पण मध्यभाग रंग न घेता काळा राहिला, तर जखम सगळ्यात आतल्या पापुद्र्यापर्यंत पोचलेली असते. ते ऑपरेशनचं काम, त्याच दिवशी. तिसरी डोळ्याच्या दाबाची. साधारण १० ते २५ (mmHg) हा ठीक. काचबिंदूत लाल डोळा असाच दिसतो आणि दृष्टी दिवसांत नव्हे, तासांतही जाऊ शकते. डोळा धुरकट-निळसर किंवा मोठा दिसत असेल, बाहुली मोठीच राहत असेल, तर उद्याची वाट पाहू नका.

तोवर चिपडं निर्जंतुक सलाईनने भिजवून कापसाने पुसा आणि गळ्यात कोन (डोळा खाजवू नये म्हणून लावतात ती शंकूसारखी कॉलर) घाला. पंजाने एकदा जोरात चोळलं तरी छोटी जखम खोल होते. माणसांचे डोळा बधिर करणारे थेंब तर चुकूनही नको, त्यांनी जखम भरत नाही.

औषध मिळालं की पगला मागून धरा, हनुवटी वर करा, बाटलीचा हात डोक्यावर टेकवून वरून एकच थेंब सोडा. समोरून बाटली आली की तो मान फिरवतोच. दोन औषधांत ५ ते १० मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी. साधी जखम आठवड्याभरात भरते. नाही भरली तर नुसते थेंब बदलत बसू नका, पापणीचा उलटा केस किंवा सुटलेला पापुद्रा आहे का ते पाहायला सांगा.

घरात मांजर असेल तर तिलाही हे उरलेले थेंब नकोत. मांजरांत लाल डोळ्यामागे बऱ्याचदा हर्पिस विषाणू असतो आणि स्टेरॉइडने तो उसळतो.