१२ वर्षं उभी असलेली वडिलांची मोटारसायकल: ताजं पेट्रोल टाकून किक मारली तर चालेल का?

नाही. किक सगळ्यात शेवटी.

तुम्ही लिहिलंय की गाडी उभी केली तेव्हा छान चालत होती आणि आताही किक ‘जरा जड, पण खाली जाते’. ते वाचूनच मला धस्स झालं. पूर्ण जाम झालेल्या इंजिनाला माणूस घाबरून, जपून हात लावतो. फिरणारं इंजिन मात्र फसवतं.

माझंच उदाहरण सांगतो. अशीच एक जुनी, एका सिलिंडरची फोर-स्ट्रोक गाडी होती, किक खाली जात होती, मला घाई होती. चौथ्या-पाचव्या किकला आत ‘टक्’ झालं. उघडून पाहिलं तर एक व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) गंजून गाइडमध्ये, म्हणजे ज्या नळीत तो सरकतो तिच्यात, घट्ट बसलेला. खालून कॅम ढकलतोय, वर व्हॉल्व्ह हलत नाही, मग मधला पुशरॉड (ढकलणारी दांडी) वाकला. टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या वरचं) झाकण काढून पाच मिनिटं बघितलं असतं तर हे टळलं असतं.

म्हणून आधी प्लग काढा आणि टॅपेटची झाकणंही काढा. प्लगच्या भोकातून टॉर्च मारून बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आत, जेवढं दिसेल तेवढं बघा. मग डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून दोन-तीन चमचे आत सोडा आणि दोन-तीन दिवस गाडीकडे फिरकू नका. पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत ते झिरपायला वेळ लागतो. त्यानंतर गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे करा. किकने इंजिन एकाच दिशेला फिरतं आणि पायाखाली अख्ख्या शरीराचं वजन असतं, त्यामुळे कुठे अडतंय ते कळायच्या आत रिंग मोडलेली असते. चाकावर हाताला अंदाज येतो. अडलं तर जोर लावू नका, आणखी ऑइल सोडून आठवडाभर थांबा. तरीही हललं नाही तर हेड (सिलिंडरचा वरचा भाग) उतरवायचं, दुसरा मार्ग नाही.

चाक फिरवताना नजर रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह खाली दाबणाऱ्या छोट्या दांड्यांवर, ठेवा. दोन्ही व्हॉल्व्ह सारखे खाली जाऊन झटकन वर आले पाहिजेत. एखादा रेंगाळत वर येत असेल तर त्याच्या दांडीवर ऑइलचे थेंब सोडत राहा.

आता इंजिन ऑइल. जुनं ऑइल रंगाने चांगलं दिसलं तरी काढून टाका, कारण इतक्या वर्षांत दमटपणाचं पाणी त्याच्या तळाशी साचलेलं असू शकतं. जाळी किंवा फिल्टर साफ करा, नवं ऑइल भरा. तुमच्या गाडीला ऑइलची टाकी वेगळी असेल (जुन्या ब्रिटिश गाड्यांना बहुधा असते), तर उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या भागात) उतरतं. टाकी रिकामी दिसली म्हणून वरून नुसतं भरू नका, आधी क्रँककेसचा खालचा बोल्ट काढून तिथलं ऑइल काढा.

हे झालं की प्लग काढलेलाच ठेवून, इग्निशन बंद करून, सावकाश तीस-चाळीस किक मारा. कॉम्प्रेशन नसल्याने किक हलकी जाते आणि पंप ऑइल वरपर्यंत चढवतो. आत सोडलेलं जास्तीचं ऑइलही भोकातून उडून जातं, तेव्हा तोंड तिथून लांब ठेवा. वेगळी टाकी असलेल्या गाडीत परतीच्या नळीतून ऑइल पडताना दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. यावर मी हट्टी आहे. कोरड्या बेअरिंगवर चाललेले पहिले काही सेकंद १२ वर्षांच्या गंजापेक्षा जास्त नुकसान करू शकतात.

जुनं पेट्रोल ओतून द्या, त्याला रंगासारखा आंबूस वास येत असेल. कार्बोरेटर उघडून साफ करा, विशेषतः पायलट जेट (कमी वेगावर पेट्रोल सोडणारं बारीक भोक). त्यात तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरेसा असतो. फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी-थांबवणारी) अडकलेली नाही ना तेही बघा. टाकीत गंज असेलच, म्हणून पहिल्यांदा सुरू करताना टाकी जोडूच नका. छोट्या बाटलीतून नळीने दोनशे मिली ताजं पेट्रोल द्या.

पॉइंटवर (स्पार्कसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) काळपट थर बसलेला असतो, बारीक पॉलिश पेपरने पुसा. बऱ्याच जुन्या गाड्यांत गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असते, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. स्पार्क तपासताना प्लग त्याच्या भोकापासून लांब, इंजिनाच्या फिनला (थंड करणाऱ्या पात्यांना) टेकवून धरा. भोकातून निघणारी वाफ पेट घेते.

क्लच प्लेट एकमेकींना चिकटलेल्या असणार. लिव्हर दाबून, गिअरमध्ये गाडी मागेपुढे हलवून त्या आधीच सोडवा, नाहीतर पहिला गिअर टाकताच गाडी उडी मारेल.

सुरू करताना गाडी उघड्यावर हवी, बंद खोलीत धुराने जीव जाऊ शकतो. आग विझवायचं यंत्र जवळ ठेवा; पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं. थ्रॉटल सोडल्यावर झटकन परत येतो का ते आधी बघा. पहिल्या काही मिनिटांत निळा-पांढरा धूर भरपूर येईल. ते बोअरमधलं ऑइल जळतंय, घाबरू नका. रेस करू नका, दोनेक मिनिटांत बंद करा, गळती बघा, मग पुन्हा सुरू करा. हवेवर थंड होणारं इंजिन जागेवर उभं ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवण्यात फायदा नाही, तापतं फक्त. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला.

आणि इंजिनाच्या आनंदात तसंच रस्त्यावर निघू नका. ब्रेकचे ड्रम उघडून लायनर शूवरून सुटलेले नाहीत ना ते बघा. टायरच्या बाजूवर चार अंक असतात: २३१२ म्हणजे २०१२ चा २३ वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर गल्लीच्या टोकापर्यंतही जाऊ नका.