शेतातलं दफनटेकाड नांगरून सपाट झालं, तरी हवाई फोटोत पिकात हिरवं वर्तुळ का दिसतं?

कारण नांगराने टेकाड जातं, पण त्याच्या भोवतीचा चर राहतो. इंग्लंडमधली कांस्ययुगातली गोल टेकाडं घ्या. मधे मृताला किंवा त्याच्या अस्थी पुरायच्या, भोवती गोल चर खणायचा आणि त्यातून निघालेली माती वर रचायची, अशी साधारण पद्धत. पुढच्या शतकांत तो चर गाळाने बुजला. हा गाळ मऊ, खोल आणि ओल धरणारा. पावसाने ओढ दिली की आजूबाजूच्या उथळ जमिनीतलं पीक पिवळं पडतं, चरावरचं मात्र उंच आणि हिरवं राहतं. म्हणून कोरडा उन्हाळा म्हणजे हवाई पुरातत्त्वज्ञांची सुगीच! जमिनीवर उभं राहून यातलं बहुतेक वेळा काहीच कळत नाही. आणि सगळी पिकं सारखी बोलकी नसतात. गहू आणि बार्लीत खुणा स्पष्ट उमटतात, कुरणाच्या गवतात कमी.

टेकाडं नष्ट झाल्याचा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारू नये, असं माझं मत. डेन्मार्कमध्ये १९२१ साली एग्टवेड इथे एक शेतकरी टेकाडाचा उरलासुरला भाग काढत होता, तेव्हा ओकच्या खोडाची शवपेटी लागली. त्याने संग्रहालयाला कळवलं. आत लोकरी कपड्यांसकट एक तरुणी होती. लाकडाच्या वाढवलयांवरून दफन इ.स.पू. १३७० चं ठरलं. तिथे अशा टेकाडांना सरसकट कायदेशीर संरक्षण मिळालं ते १९३७ मध्ये.