ड्रोन तिथेच उभा होता, मग झाड का सरकलं?

प्रश्न: तळ्याकाठचं एक मोठं झाड आणि त्यामागची टेकडी, असं एकच दृश्य मी ऋतूंमागून ऋतू ड्रोनने टिपतो आहे. अ‍ॅपमध्ये जागा साठवून ठेवली आहे आणि दर वेळी ड्रोन तिथेच जातो. तरीही फोटो एकापाठोपाठ एक लावले की सगळं उड्या मारतं. व्हिडिओ स्टॅबिलायझर (हलतं चित्र स्थिर करणारं सॉफ्टवेअर) लावला तर उड्या कमी होतात, पण झाड हिंदकळतं आणि मागची टेकडी फुगते-आकसते. आता सॉफ्टवेअर बदलू की ड्रोन?

उत्तर: दोन्ही राहू द्या. तुमच्या तक्रारीत दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सोडवू. एक, कॅमेरा दर खेपेला किंचित वेगळ्या दिशेला बघतो. दोन, ड्रोन दर खेपेला किंचित वेगळ्या ठिकाणी असतो. पडद्यावर दोन्हींचा परिणाम एकच दिसतो, चित्र सरकतं. पण दिशेची चूक नंतर टेबलावर, संगणकापुढे बसून पूर्ण काढता येते. जागेची चूक तशी निघत नाही. तुमचा स्टॅबिलायझर ही न निघणारी चूक काढायला बघतो, आणि त्या खटाटोपात झाड वाकवतो.

आकड्यांत बघा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ८४ अंश टिपणारी लेन्स आणि ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो, ही लहान ड्रोनवरची नेहमीची जोडी. कॅमेरा १ अंशाने वळला तर चित्राच्या मध्याजवळ सगळं जवळपास ५० पिक्सेल सरकतं, झाडही आणि टेकडीही. दोघं एकत्र सरकली, म्हणजे एकत्र परत आणता येतात. आता कॅमेरा तसाच ठेवून ड्रोन १ मीटर बाजूला न्या. २० मीटरवरचं झाड सुमारे १४० पिक्सेल सरकेल आणि ५०० मीटरवरची टेकडी जेमतेम सहा. टेकडी जुळवली तर झाड उडी मारणार, झाड जुळवलं तर टेकडी. एक डोळा मिटून नाकासमोर बोट धरा आणि डोकं जरा हलवा, हाच खेळ दिसेल. शिवाय जागा बदलली की झाडामागे झाकलेला भाग उघडा पडतो आणि उघडा भाग झाकला जातो. जे त्या फोटोत आलंच नाही, ते कुठलं सॉफ्टवेअर आणणार?

म्हणून माझा नियम साधा आहे. जागा हवेत जुळवायची, दिशा टेबलावर.

साठवलेल्या जागेवर एवढा भरवसा का ठेवू नये, तेही सांगतो. माहितीपत्रकात होव्हरची, म्हणजे हवेत एका जागी उभं राहण्याची, अचूकता अर्धा ते दीड मीटर अशी लिहिलेली असते. त्याचा अर्थ, ड्रोन एका उड्डाणात आपल्या ठरल्या बिंदूभोवती एवढाच भटकेल. पण तो बिंदूच आज आणि तीन महिन्यांनी एकाच ठिकाणी असेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. जागा सांगणाऱ्या जीपीएस उपग्रहांची मांडणी बदलते, वातावरणातून येताना संदेशाला होणारा उशीर बदलतो, आणि साधा रिसीव्हर काही मीटर इकडेतिकडे सहज दाखवतो. आरटीके (जमिनीवरच्या स्थानकाकडून दुरुस्ती घेऊन जागा नेमकी करणारी सोय) असलेला ड्रोन सेंटिमीटरमध्ये बोलतो. तो हाताशी असेल तर पुढचे दोन परिच्छेद वाचले नाहीत तरी चालेल.

उंचीची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक ड्रोन उंची मोजतात ती हवेच्या दाबावरून, आणि तीही उड्डाण केलेल्या जागेपासून. म्हणजे मागच्या वेळी बांधावरून उडवला आणि या वेळी बांधाखालून, तर पडद्यावर ४० मीटर हाच आकडा दिसतो आणि ड्रोन प्रत्यक्षात बांधाएवढा खाली असतो. उड्डाणाचा दगड ठरवून टाका आणि दर वेळी त्यावरूनच उडवा. जमिनीलगत १ हेक्टोपास्कल दाब म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर उंची. उड्डाण चालू असताना हवामान पालटून दाब त्याच्या दहाव्या हिश्श्याने जरी हलला, तरी ड्रोन आकडा न बदलता पाऊण मीटर वर-खाली होतो.

मग साध्या ड्रोनवाल्याने करायचं काय? खलाशी आणि मोजणीदार फार पूर्वीपासून करत आले आहेत तेच: जवळची वस्तू लांबच्या वस्तूवर धरायची. तुमच्या पहिल्या फोटोत अशा जोड्या शोधा. कुंपणाचा खांब मागच्या घराच्या कोपऱ्याला नेमका चिकटलेला दिसतो, ही एक जोडी. ती तशीच दिसली म्हणजे तुम्ही त्याच सरळ रेषेवर आहात. वेगळ्या दिशेची दुसरी जोडी मिळाली की जमिनीवरची जागा पक्की झाली. उंचीसाठी एखाद्या खांबाचं टोक मागच्या भिंतीच्या कुठल्या थराला लागतं ते बघा. जोडीतल्या वस्तू वाढणाऱ्या, झडणाऱ्या किंवा पाण्यासोबत वर-खाली होणाऱ्या नकोत. फांदी आणि तळ्याचा काठ दोन्ही बाद. हा पहिला, म्हणजे संदर्भाचा, फोटो छापून जोड्यांवर लाल खूण करून सोबत ठेवा. उन्हात दुसऱ्या फोनचा पडदा धड दिसत नाही.

ड्रोन सर्वांत हळू मोडवर टाका, आधी वेपॉइंटने (साठवलेल्या जागेने) जवळपास पोहोचा आणि मग जोड्या बघत बोटभर बोटभर सरकवा. जुळलं असं वाटलं तरी एका फोटोवर निघून येऊ नका. डावीकडे किंचित, उजवीकडे किंचित, वर, खाली, असे आसपासचे फोटो घेत सुटा. छोट्या पडद्यावर नेमका कोणता जुळला ते कळत नाही. घरी मोठ्या पडद्यावर संदर्भाच्या फोटोवर अर्धपारदर्शक ठेवलात की लगेच कळतं. या एका सवयीने जितकं काम होतं तितकं महागड्या सॉफ्टवेअरने होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

यातूनही थोडी चूक उरणार. ती कमी दिसावी यासाठी दृश्य निवडतानाच विचार करा. झाडापासून मागे जा आणि ड्रोनवर लांब पल्ल्याची दुसरी लेन्स असेल तर ती वापरा. झाड तेवढंच मोठं दिसेल, पण झाड आणि टेकडी यांच्या सरकण्यातला फरक कमी होईल. कोपऱ्यात डोकावणारी जवळची फांदी चित्राला खोली देते हे खरं, पण ऋतूंच्या टाइम-लॅप्समध्ये (लांब अंतराने घेतलेल्या फोटोंच्या फिल्ममध्ये) पहिली तीच नाचते. सरळ खाली बघणारा कॅमेरा सगळ्यांत सोपा. सपाट जमीन ही एकच पातळी असल्यामुळे जागेची चूकही बरीचशी निघून जाते, फक्त उंच वस्तू थोड्या कललेल्या दिसतात. नवख्यांनी पहिलं वर्ष खाली बघूनच काढावं.

आता टेबलावरचं काम. तुम्ही वापरलेला स्टॅबिलायझर सलग व्हिडिओसाठी बनवलेला आहे. एका फ्रेमहून पुढची किंचितच वेगळी असणार, हे तो गृहीत धरतो. तुमच्या दोन फ्रेममध्ये मात्र अख्खी पानगळ झालेली असते. त्यात अ‍ॅडोबीच्या वॉर्प स्टॅबिलायझरची मूळ निवड सबस्पेस वॉर्प ही असते. ती चित्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळे ताणते, तुमचं हिंदकळणं तिथलंच असावं. त्याऐवजी एकेक फोटो संदर्भाच्या फोटोवर बसवा. आधी लेन्सची वक्रता काढा, मग संपूर्ण चित्राला एकच परिवर्तन द्या, म्हणजे अख्खं चित्र एकदमच सरकवा, वळवा, तिरकं करा. त्याला होमोग्राफी म्हणतात आणि त्यासाठी दोन्ही फोटोंतले किमान चार जुळणारे बिंदू लागतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉर्नर पिनने (चित्राचे चार कोपरे ओढण्याच्या सोयीने) हे हाताने करता येतं. फोटो जोडणारं हगिन हे मोफत साधन किंवा ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या संग्रहातला छोटासा प्रोग्राम हेच काम आपोआप करतो.

आपोआप करणाऱ्यावर मात्र नजर ठेवा. ही साधनं ठळक कोपरे शोधतात, आणि पानांत, पाण्यावरच्या चमकीत, सावलीच्या कडेला असे कोपरे वाटेल तेवढे सापडतात. सावली सरकली की चित्र तिच्यामागे जातं. म्हणून मास्क लावून, म्हणजे बाकीचं चित्र झाकून, फक्त छप्पर, खडक, पूल, रस्त्याची वळणं एवढंच त्यांना दाखवा. तुमच्या दृश्यात स्थिर गोष्टी थोड्या असतील तर सरळ हाताने बिंदू द्या. प्रत्येक फोटो आदल्या फोटोवर बसवण्याचा मोह टाळा, कारण बारीक चुका साठत जातात आणि वर्षाअखेर टेकडी वेगळीकडेच पोहोचलेली असते. सगळे फोटो एकाच संदर्भावर बसवायचे. भर पानांचा फोटो उघड्या फांद्यांच्या फोटोशी जुळतच नसेल, तर दर ऋतूचा एक संदर्भ आधी हाताने एकमेकांवर बसवून घ्या आणि बाकीचे त्या-त्या ऋतूच्या संदर्भावर.

आणि कडा राखून ठेवा. ४००० पिक्सेलच्या फोटोतून ३८४० पिक्सेलची फिल्म काढायची तर दोन्ही बाजूंना मिळून १६० पिक्सेल उरतात. वरचे आकडे आठवा, एका बाजूचे ८० तर दीड अंशाच्या वळणातच जवळपास संपतात. फिल्म १९२० पिक्सेलची ठरवलीत तर निवांत राहाल.

प्रश्न: वर्षभर दर आठवड्याला फोटो घेतले, फिल्म झाली दोन सेकंदांची! मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने तयार करून घ्याव्यात का?

उत्तर: ५२ फोटो आणि सेकंदाला २५ फ्रेम, हिशेब बरोबरच आहे. मधल्या फ्रेम बनवणारं सॉफ्टवेअर एका फोटोतलं पान पुढच्या फोटोत कुठे गेलं ते शोधतं. ते पान एव्हाना मातीत मिसळलेलं असतं, त्यामुळे चित्र वितळल्यासारखं दिसतं. साधा क्रॉसफेड करा, म्हणजे एक फोटो विरत असताना दुसरा उमटू द्या. प्रत्येक फोटोला १२ फ्रेम दिल्या तर २५ सेकंद होतात, आणि जुळणी नीट झाली असेल तर क्रॉसफेडमध्ये झाड खरोखरच रंग बदलताना दिसतं. पुढच्या वर्षी उड्डाणांची वाटणी सारखी ठेवू नका. पालवी फुटते आणि पानं पिवळी पडतात त्या काळात दर दोन-तीन दिवसांनी उडवा, मधल्या संथ महिन्यांत पंधरवड्याने एकदा पुरे. कॅलेंडरशी प्रामाणिक राहण्यापेक्षा बदलाशी राहिलेलं बरं.

प्रश्न: मला उडता शॉट हवा आहे. ड्रोन नदीवरून पुढे जात असताना खालचा ऋतू बदलत जावा. तोच वेपॉइंट मार्ग चारही ऋतूंत उडवला, प्रत्येक क्लिप स्थिर करून घेतली, तरी एकमेकींवर ठेवल्यावर जुळत नाहीत.

उत्तर: प्रत्येक क्लिप वेगळी स्थिर केलीत, तिथेच जुळणी बिघडली. स्टॅबिलायझरने प्रत्येकीसाठी आपल्या मनाने नवा मार्ग ठरवला, चार क्लिप, चार मार्ग. क्रम उलटा करा: आधी कच्च्या क्लिप एकमेकींशी जुळवा, मग लागलंच तर तयार झालेल्या एका फिल्मला हलकंसं स्थिर करा.

जुळवताना वेळ बघू नका, ठिकाण बघा. समोरून वारा असेल तर ड्रोन तोच टप्पा उशिरा गाठतो, त्यामुळे एका क्लिपच्या दहाव्या सेकंदाला पूल येतो आणि दुसरीच्या अकराव्याला. अनेक ड्रोन व्हिडिओसोबत उपशीर्षकांची फाइल लिहून ठेवतात, तिच्यात त्या-त्या क्षणाचे अक्षांश-रेखांश आणि उंची असते. ती नसेल तर पूल, वळण, मोठा खडक अशा खुणांवर कीफ्रेम (वेग बदलण्याच्या खुणेचे बिंदू) देऊन क्लिपचा वेग खेचा किंवा सोडा. उंचावरून आणि सावकाश उडवा. ऋतू बदलण्याची जागाही हुशारीने निवडा: पुलाची कड, झाडांची रांग, अशी काही आडवी रेघ पडद्यावरून जात असताना मास्कने तिच्यामागून नवा ऋतू आणला तर मीटरभराची चूक कुणाला दिसत नाही. थंडीत लिथियम बॅटरी लवकर ढेपाळते. लांब मार्ग असेल तर ती अंगाजवळ ऊबेत ठेवून न्या, नाहीतर ड्रोन अर्ध्यातून परत फिरतो.

प्रश्न: जुळणी छान झाली आहे, पण उजेड लुकलुकतो आणि सावल्या गरगर फिरतात. रोज दुपारी बाराला फोटो घेतो, तरीही.

उत्तर: घड्याळाचे बारा आणि सूर्याचा मध्यान्ह ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. एकाच ठिकाणी राहूनही खरा मध्यान्ह वर्षभरात मागेपुढे होतो: फेब्रुवारीच्या मध्याला सरासरीपेक्षा सुमारे १४ मिनिटं उशिरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं लवकर. त्या-त्या दिवसाच्या खऱ्या मध्यान्हाला उडवलंत तर सावल्या उत्तर-दक्षिण रेषेवरच राहतील, फक्त लांबी बदलेल. ती बदलणारच, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेला जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांमध्ये मध्यान्हीच्या सूर्याची उंची सुमारे ४७ अंशांनी बदलते. कर्क आणि मकर या दोन वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात तर वर्षातले काही दिवस सावली उलट बाजूला पडते. हे सगळं नको असेल तर एकसारखं पातळ ढगाळ आभाळ बघून उडवा. सावलीच नसेल तर ती फिरणार कशी! मला स्वतःला ढगाळ दिवसच आवडतात, रंगही खरे येतात.

लुकलुकणं थांबवण्यासाठी व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून कॅमेरा करतो ती रंगजुळणी) एका आकड्यावर कुलूपबंद करा, ५६०० केल्व्हिन चालेल, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात, घ्या. ऑटोवर ठेवला तर पिवळ्या पानांनी भरलेलं चित्र बघून कॅमेरा त्यात निळा मिसळतो आणि पानगळीचाच रंग उडवतो. बर्फ पडला असेल तर ऑटो एक्स्पोजर त्याला राखाडी करतं. उरलेला फरक टेबलावर काढताना संपूर्ण चित्राची सरासरी जुळवू नका, कारण उघडी जमीन आणि दाट पानं यांच्या उजेडात खरोखरच फरक असतो. चित्रातला एखादा काँक्रीटचा कट्टा किंवा कोरडा खडक धरा आणि प्रत्येक फोटोत तो तेवढाच उजळ दिसेल असं करा. पावसाळ्यातल्या फोटोंसाठी मात्र दुसरी जागा शोधावी लागेल, ओला खडक बराच काळा दिसतो.