परदेशात खायचं काय, शोधायचं कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघं डिसेंबरात व्हिएतनामला जातोय : हनोई, होई आन, सायगॉन (हो चि मिन्ह सिटी). टूरवाल्यांनी रोज रात्री भारतीय जेवण लावलंय, पण आम्हाला तिथलं खायचंय. बीफ सोडून सगळं चालतं. – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : रात्र टूरकडे राहू द्या, सकाळ आणि दुपार स्वतःकडे ठेवा. तिकडे पदार्थांच्या वेळा ठरलेल्या असतात, आपल्याकडे तर्री-पोहे सकाळचे तसेच. हनोईत फो, म्हणजे रस्स्यातल्या तांदळाच्या शेवया, ही न्याहारी. हॉटेलचा नाश्ता सोडून सातच्या आत गल्लीत उतरा. पाटीवर ‘फो बो’ असेल तर ते बीफ, ‘फो गा’ म्हणजे कोंबडी. दोन्ही विकणाऱ्याकडे रस्सा एकच असू शकतो, म्हणून फक्त ‘गा’वालं दुकान शोधा. बुन चा दुपारची : कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, आंबटगोड पाणी आणि तांदळाच्या शेवया. वाटीतल्या पाण्यात थोड्या थोड्या शेवया आणि पाला बुडवून खायचं. सगळं एकदम ओतलं की शेवया गिच्च होतात.

होई आनला काव लाउ चुकवू नका. जाड, चिवट शेवया, तळाशी जेमतेम रस्सा, वर डुकराचे काप आणि कुरकुरीत तुकडे. ‘रस्सा कमी दिला’ म्हणून वाढवून मागू नका, तो तसाच असतो. वरचा पाला जवळच्या त्रा क्वे या भाजीच्या गावातून येतो. सकाळी तिथल्या वाफ्यांवरून चक्कर मारली तर पुढच्या जेवणात पानं ओळखता येतील. त्याच भागातली ‘मी क्वांग’ही खा, पिवळसर शेवया आणि वर शेंगदाणे.

सायगॉनमध्ये कोम ताम मागा. ही चक्क आपली कणी : तुटक्या तांदळाचा भात आणि त्यावर भाजलेलं मांस. ‘बान्ह सेओ’ हे तांदळाच्या पिठाचं हळद घातलेलं धिरडं. त्यात कोळंबी आणि डुकराचं मांस असतं. तुकडा मोडून पानात गुंडाळायचा आणि बुडवून खायचा.

दुकान निवडताना पाटीवर एकाच पदार्थाचं नाव मोठ्या अक्षरात आहे का ते बघा. तिथला माल त्याच दिवशी संपतो. पन्नास पदार्थांचं फोटोवालं मेनूकार्ड दिसलं तर पुढे चला.

प्रश्न : आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. थायलंडला नेणार आहे. ‘व्हेज’ म्हटलं तर पुरतं का? – धरमपेठहून एक वाचक

उत्तर : नाही पुरत. ‘व्हेज’ म्हटल्यावर बरेचदा मांसाचे तुकडे तेवढे निघतात. माशांचं आंबवलेलं पाणी, म्हणजे नाम प्ला, मिठासारखं घातलं जातं, ते राहतं. हिरव्या-लाल करीचं वाटण बहुधा आधीच तयार असतं आणि त्यात कोळंबीचा गोळा वाटलेला असतो, तो नंतर काढता येत नाही. म्हणून करीचा नाद सोडा.

पिवळ्या कापडावर लाल थाई अक्षर असलेली दुकानं शोधा, ती ‘जे’ दुकानं. तिथे मांस, मासे, अंडं, दूध यांतलं काहीच नसतं, कांदा-लसूणही नाही. ‘मांगसाविरात’ म्हणणाऱ्यांकडे मात्र अंडं असू शकतं. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर, समोर बनते, म्हणून गाडीवरही जमते. सांगायचं : ‘माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग’ (माशांचं पाणी नको, सुकट कोळंबी नको). खल आधी धुऊन घ्यायला लावा, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचं त्यात उरलेलं असतं. मिरच्या आकड्यात सांगतात. सावजीची सवय असली तरी दोनच सांगा, तिथली मिरची कच्चीच कुटली जाते. हे सगळं थाई लिपीत मोबाइलवर लिहून ठेवा. उच्चाराचा सूर चुकला की अर्थच बदलतो.

पुढे कधी व्हिएतनामला नेलंत तर ‘चाय’ लिहिलेली पाटी शोधा, ती शाकाहाराची. अमावास्या-पौर्णिमेला बरेच बौद्ध तिथे शाकाहार पाळतात, तेव्हा तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघा.

प्रश्न : इटलीतून बाल्सॅमिक व्हिनेगर आणायचंय. खरं कसं ओळखायचं? – एक वाचक, मनीषनगर

उत्तर : लेबलवर ‘त्रादिझिओनाले’ (पारंपरिक) हा शब्द आणि लाल-पिवळा डीओपी, म्हणजे मूळस्थानाची हमी देणारा युरोपीय शिक्का हवा. ते फक्त द्राक्षांच्या आटवलेल्या रसाचं असतं, किमान 12 वर्षं पिंपात मुरवलेलं. ‘एक्स्त्राव्हेक्कियो’ असेल तर 25. बाटली बहुधा 100 मिलीची येते आणि महाग असते. निळा-पिवळा आयजीपी शिक्का म्हणजे रसात वाइनचं व्हिनेगर मिसळलेलं, कोशिंबिरीला तेवढं पुरे. त्रादिझिओनाले शिजवू नका, चीजवर किंवा व्हॅनिला आइस्क्रीमवर चार थेंब टाका. येताना बाटली कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा.