वाचक विचारतात: खुनाच्या गोष्टी लिहिणारे पाळकसाहेब

मागच्या अंकात पावसाळ्यात वाचायच्या पुस्तकांबद्दल लिहिताना मी जाता जाता रेव्हरंड रिचर्ड कोल्स यांचं नाव टाकलं, म्हणजे एकच ओळ हो, की हे इंग्लंडमधले पाद्री खुनाच्या गोष्टी लिहितात आणि बऱ्या लिहितात. त्या एका ओळीवरून इतके मेसेज आले की बाकीच्या पुस्तकांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. असो, त्यातले काही प्रश्न घेतेय.

प्रश्न (डोंबिवली): ताई, हे खरेखुरे पाद्री आहेत की नुसतं टोपणनाव आहे? माझा मुलगा म्हणतो हा माणूस पूर्वी पॉप बँडमध्ये होता. मला वाटतं तो मला बनवतोय.

उत्तर: नाही हो, मुलगा खरं बोलतोय, त्याला सॉरी म्हणा. कोल्स यांचा जन्म १९६२ चा, नॉर्थॅम्प्टनचा. ऐंशीच्या दशकात जिमी सॉमरव्हिल या गायकाबरोबर त्यांनी 'द कम्युनार्ड्स' नावाचा बँड काढला, गायचा जिमी, हे कीबोर्डवर. १९८६ मध्ये त्यांचं 'डोन्ट लीव्ह मी धिस वे' चार आठवडे ब्रिटनमध्ये एक नंबरला होतं आणि त्या वर्षी तिथे सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल तेच. (गाणं मुळात यांचं नाही, अमेरिकन आहे, आणि सत्तरच्या दशकातलं. यांनी त्याला नाचायला लावलं.) मग बँड फुटला, मध्ये बरीच भटकंती आणि बरंच वाया जाणं झालं, ते त्यांनी आत्मचरित्रात काहीही न लपवता लिहिलंय, आणि नव्वदच्या सुमाराला हा माणूस लंडनच्या किंग्ज कॉलेजात चक्क धर्मशास्त्र शिकायला गेला. २००५ मध्ये दीक्षा. २०११ पासून २०२२ पर्यंत फिनेडन नावाच्या गावाचे व्हिकर म्हणजे गावचे पाद्री, आणि त्याच काळात दर शनिवारी सकाळी बीबीसी रेडिओ ४ वर 'सॅटर्डे लाइव्ह'चे सूत्रसंचालक, ते २०२३ पर्यंत. म्हणजे शनिवारी देशाशी गप्पा आणि रविवारी गावाला उपदेश. मध्येच २०१७ मध्ये टीव्हीवरच्या डान्स स्पर्धेत नाचून पण आले, त्याबद्दल न बोललेलं बरं.

प्रश्न (कोल्हापूर): 'कोझी क्राइम' म्हणजे नक्की काय? खून आणि कोझी? गोधडीत बसून वाचायचा खून का?

उत्तर: गोधडी एकदम चपखल, मी हा शब्द ढापणार आहे. कोझी म्हणजे असा खून की ज्यात रक्त फार दिसत नाही, पोलीस चौकीपेक्षा स्वयंपाकघरात जास्त पानं जातात, आणि तपास करणारा माणूस पगारी डिटेक्टिव्ह नसून गावातलाच कुणीतरी चौकस माणूस असतो. २०२० मध्ये रिचर्ड ओस्मान या टीव्हीवाल्याची वृद्धाश्रमातल्या चार म्हाताऱ्यांची पुस्तकमालिका तुफान चालली आणि मग ब्रिटनमध्ये जो तो कोझी लिहायला लागला. कोल्स यांचं पहिलं, 'मर्डर बिफोर इव्हनसाँग', २०२२ चं. इव्हनसाँग म्हणजे संध्याकाळची गायिलेली प्रार्थना.

आता त्यातला खून कसा सुरू होतो ते ऐका. साल १९८८, गाव चँप्टन, तिथले रेक्टर, म्हणजे गावचे पाद्री, कॅनन डॅनियल क्लेमेंट, घरात विधवा आई ऑड्री जिच्या जिभेला हाड नाही, आणि डॅक्सहुंड जातीची दोन बुटकी कुत्री. डॅनियल एक दिवस जाहीर करतो की चर्चमध्ये संडास बांधू या. झालं. गावाचे दोन तट. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाला की कशी तीस वर्षांची जुनी भांडणं बाहेर येतात, कुणाच्या लग्नात कुणाला बोलावलं नव्हतं इथपर्यंत, अगदी तस्सं. आणि मग गावच्या जमीनदाराचा चुलतभाऊ चर्चच्या मागच्या बाजूला मेलेला सापडतो, मानेत फांद्या छाटायची कात्री घुसलेली. मला ती कात्रीच आवडली. पिस्तूल नाही, विष नाही, तर बागेतल्या झुडपांना आणि चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या बायकांना रोज लागणारी वस्तू, म्हणजे गावातल्या निम्म्या घरांत ती असणारच, मग संशय घ्यायचा कुणाकुणावर?

आणि संडासाचं भांडण लेखकाने हवेतून काढलेलं नाही. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जुन्या इमारतीतला एक बाक हलवायचा तरी 'फॅकल्टी' नावाची परवानगी लागते, कागद, नोटीस, हरकती, सगळं. अकरा वर्षं एका गावचं चर्च चालवलेल्या माणसाने अशा किती मीटिंगा बसून काढल्या असतील ते पानापानांवर कळतं.

१९८८ हे साल पण मला फार इंटरेस्टिंग वाटतं. मोबाइल नाही, सीसीटीव्ही नाही, त्यामुळे तपास बोलूनच करावा लागतो ही रहस्यकथा लिहिणाऱ्यांची जुनी सोय झाली. पण कम्युनार्ड्स फुटले तेही १९८८ च. म्हणजे खरा रिचर्ड ज्या वर्षी बँड गमावून बसला होता, त्याच वर्षी त्याने आपला कागदावरचा पाद्री शांतपणे चर्चची घंटा वाजवत बसवलाय. हे मुद्दाम केलंय की आपोआप झालंय, देव जाणे.

प्रश्न (नागपूर): देवाच्या माणसाने खुनाच्या गोष्टी लिहून पैसे कमवावेत हे शोभतं का? आपल्याकडच्या एखाद्या कीर्तनकाराने असं केलं असतं तर?

उत्तर: कीर्तनकारांचं मी सांगू शकत नाही, पण तिकडे ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. रोनाल्ड नॉक्स वाचा. हे बिशपचे चिरंजीव, आधी अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री, १९१७ मध्ये कॅथलिक झाले आणि मग फादर, पुढे अख्खं बायबल लॅटिनमधून एकट्याने इंग्रजीत आणलं, आणि १९२५ ते १९३७ मध्ये सहा डिटेक्टिव्ह कादंबऱ्या. १९२९ मध्ये त्यांनी रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या, बायबलच्या दहा आज्ञांच्या चालीवर. एका गोष्टीत गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको, शास्त्रज्ञांनाच माहीत नसलेलं विष नको, भुताखेतांनी तपास करायचा नाही, आणि वाचकाला आधी कल्पना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणायचे नाहीत. ही शेवटची आज्ञा आपल्या हिंदी सिनेमाने पाळली असती तर किती डबल रोल वाचले असते.

आणि रेडिओवर पण होते बरं का. १६ जानेवारी १९२६ ला एडिनबराच्या स्टुडिओतून बीबीसीवर नॉक्स यांनी गंभीर आवाजात बातम्या वाचल्या की लंडनमध्ये बेकारांचा जमाव उसळलाय, बिग बेनचा टॉवर उखळी तोफांनी पाडलाय, सॅव्हॉय हॉटेल उडवलंय. सगळी थट्टा. सुरुवातीला तसं सांगितलंही होतं, पण रेडिओ उशिरा लावणाऱ्यांना कुठून कळणार, त्यात बर्फामुळे बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी पेपर पोचले नाहीत आणि लोकांची खात्रीच पटली की लंडन गेलं. तेव्हा पाद्री, रेडिओ आणि रहस्यकथा हे तिन्ही एका माणसात ही कोल्स यांची नवलाई नाही, नॉक्स सीनियर आहेत.

राहिला शोभण्याचा मुद्दा. इंग्रज लेखक चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊन या गोष्टीतल्या पाद्री-डिटेक्टिव्हची जन्मकथा तुम्हाला आवडेल. चेस्टरटन स्वतः पाद्री नव्हते. यॉर्कशायरमधले त्यांचे मित्र फादर जॉन ओ'कॉनर एकदा फिरता फिरता त्यांना माणसाच्या दुष्टपणाबद्दल असं काही सांगून गेले की चेस्टरटन हादरले. घरी परतल्यावर तिथे केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले, आणि फादर खोलीबाहेर गेल्यावर त्यातला एक म्हणाला की बिचाऱ्या पाद्र्यांना जगातल्या पापाची काय कल्पना, बंद खोलीत राहतात. चेस्टरटन यांना हसू आवरेना. त्यातून आला फादर ब्राऊन.

कोल्स यांच्या बाबतीत मला अजून एक वाटतं. गावचा पाद्री म्हणजे अंत्यविधी लावणारा माणूस. मेलेल्याच्या घरी पहिल्या दिवशी जाऊन बसणं, कोण रडतंय, कोण रडत नाहीये, कोण कपाटाच्या किल्ल्या शोधतंय, हे त्याला नोकरीचा भाग म्हणून बघावं लागतं. त्यात डिसेंबर २०१९ मध्ये कोल्स यांचे जोडीदार डेव्हिड गेले, तेही पाद्रीच होते, आणि इतरांच्या दुःखात जाऊन बसणारा माणूस स्वतःच्या घरात तसा बसला. त्यावरचं त्यांचं पुस्तक कादंबऱ्यांच्या आधीचं, २०२१ चं. ते वाचून मग 'इव्हनसाँग' वाचलं तर लक्षात येतं की प्रेत सापडल्यावर तिथे चटकन कोड्याकडे उडी मारलेली नाही, आधी माणूस मेलाय याची दखल घेतलीय. भल्याभल्या रहस्यकथांमध्ये हे राहून जातं.

प्रश्न (अहिल्यानगर): आमच्या मंडळीत आम्ही 'पाळकसाहेब' म्हणतो. या पुस्तकात रेक्टर, व्हिकर, कॅनन, क्युरेट, डोकं फिरलं. आणि पेट्रन कोण?

उत्तर: पाळकसाहेब शब्द इतका गोड आहे की मी शीर्षकातच घेतला. रेक्टर आणि व्हिकर यांचं आजचं काम एकच, फरक जुन्या हिशोबाचा. गावातला दशांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) ज्याला पूर्ण मिळायचा तो रेक्टर, ज्याला त्यातला लहान वाटाच मिळायचा तो व्हिकर. कॅनन हा कॅथेड्रलशी जोडलेला मान, बरेचदा नुसता मानाचाच. क्युरेट म्हणजे हाताखाली शिकणारा. पेट्रन मात्र कथेसाठी महत्त्वाचा, कारण गावाला पाद्री कोण हवा हे सुचवायचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या जमीनदार घराण्याकडे असू शकतो. चँप्टनमध्ये तो द फ्लोर घराण्याकडे आहे, आणि मेलेला माणूस त्याच घरातला. म्हणजे डॅनियलने ज्या वाड्याच्या मेहेरबानीवर नोकरी मिळवली त्याच वाड्यात जाऊन चौकशी करायची. जाता जाता, हे अँग्लिकन चर्च आपल्याला परकं नाही, १९७० मध्ये नागपुरातच ते इतर चर्चेसबरोबर एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं.

प्रश्न (पुणे): सुरुवात कुठून करू? टीव्ही मालिका आधी बघितली तर चालेल का?

उत्तर: क्रमानेच वाचा. 'मर्डर बिफोर इव्हनसाँग', मग 'अ डेथ इन द पॅरिश' (२०२३), 'मर्डर अ‍ॅट द मॉनेस्टरी' (२०२४), 'अ डेथ ऑन लोकेशन' (२०२५). मालिका २०२५ मध्ये आली, हॅरी पॉटरमधला नेव्हिल, मॅथ्यू लुइस, त्यात डॅनियल झालाय. आधी बघू नका, खुनी कळला की संपलं.

स्पष्ट सांगू का, कोडं म्हणून ही पुस्तकं मध्यमच आहेत. पहिल्याचा पहिला भाग इतका संथ की माझी बहीण साठाव्या पानावर पुस्तक परत देऊन गेली, म्हणे खून कधी होणार आहे, मला इस्त्रीचे कपडे आहेत. मला उलट तोच भाग आवडला, संडास, फुलं, आई. ज्यांना धक्क्यावर धक्के हवेत त्यांनी दुसरं काहीतरी घ्यावं.

प्रश्न (सावंतवाडी): कुत्र्यांना काही होत नाही ना? तेवढं सांगा, मग वाचते.

उत्तर: कॉस्मो आणि हिल्डा. पहिल्या पुस्तकानंतरही दोघं चँप्टनभर हिंडतायत. आणि लेखकाच्या घरी खरी डॅक्सहुंड होती, असा माणूस कुत्र्याला हात लावणार नाही. घ्या वाचायला.