ज्यांच्याकडे स्वतःचे अणुबाँब आहेत तेच देश आयएईएला (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला) तपासणीची उपकरणं आणि प्रशिक्षण का पुरवतात? हे ढोंग नाही का?

ढोंग आहेच. पण त्यावरून पुढे काय ठरतं, यावर माझं आणि आमच्या थोरल्या साडूंचं कित्येक वर्षं वाजलेलं आहे. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "ज्यांच्या घरात हजारो बाँब त्यांनीच दुसऱ्यांच्या घरातलं युरेनियम मोजायला माणसं तयार करायची, हा कसला न्याय?" साडू हेच वाक्य बडोद्यातल्या प्रत्येक मुंजी-बारशाला म्हणतात, आणि म्हणताना बघतात माझ्याकडे. तेव्हा उत्तर लांबणार.

आधी तुमच्यापुरतं. आयएईए बसते व्हिएन्नात, आणि देशोदेशीचं अणुद्रव्य बाँबकडे वळत नाही ना, हे तिचे निरीक्षक मोजून बघतात. मोजायला शिकायचं तर समोर माल लागतो. नव्या निरीक्षकाला खरं प्लुटोनियम आणि वेगवेगळ्या टक्क्यांचं समृद्ध (म्हणजे ज्यातलं युरेनियम-२३५ वाढवलंय असं) युरेनियम हाताळून बघावं लागतं, आणि ते सगळ्या प्रकारांत मुबलक असणार ते मुख्यतः बाँब बनवणाऱ्यांकडेच. १९८० पासून आयएईएचे नवे निरीक्षक अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जाऊन शिकून येतात. जिथे पहिला बाँब तयार झाला तीच ही जागा, आणि डबा न उघडता आतलं द्रव्य मोजायच्या तंत्रावर तिथेच १९६६ पासून काम चालू आहे. अमेरिकेचा आयएईएसाठीचा सहाय्य कार्यक्रम १९७७ पासूनचा, सगळ्यांत जुना. तो न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतून चालतो. ब्रिटन, फ्रान्स, रशिया यांचेही असे कार्यक्रम आहेत. कुणी उपकरण बनवून देतं, कुणी प्रयोगशाळा उघडून देतं, कुणी तज्ज्ञ पाठवतं, ज्याचा पगार त्याचा देश देतो आणि काम तो व्हिएन्नात करतो. व्हिएन्नाच्या नेहमीच्या बजेटात हे भागत नाही, एवढं साधं आहे.

आता स्वार्थ. तो आहे आणि लपवलेलाही नाही. शेजाऱ्यानं बाँब केला नाही तरच आपल्या बाँबचा धाक टिकतो. शिवाय तुमचं यंत्र व्हिएन्नानं प्रमाण म्हणून स्वीकारलं की जगभरची मोजणी तुमच्या पद्धतीनं होते. यात पुण्यकर्म काही नाही. पण स्वार्थी माणसानं दिलेला काटा चुकीचंच वजन दाखवतो असं कुठे आहे?

प्लुटोनियम मोजायचं यंत्रच बघा. प्लुटोनियम-२४० हा समस्थानिक आपोआप फुटत असतो आणि फुटताना दोन-तीन न्यूट्रॉन एकदम सोडतो. इतर कारणांनी येणारे बहुतेक न्यूट्रॉन सुटे येतात. डब्याभोवती हीलियम-३ च्या नळ्या लावायच्या आणि एकदम आलेले तेवढे मोजायचे. गॅमा किरणांच्या वर्णपटावरून २४० चं प्रमाण काढलं की आत एकूण किती प्लुटोनियम आहे ते कळतं. ८ किलो प्लुटोनियमचा हिशेब लागला नाही तर एका बाँबपुरता माल गेला असं आयएईए धरून चालते. अतिसमृद्ध युरेनियम असेल तर त्यातलं युरेनियम-२३५ २५ किलो. हे लॉस अलामॉसच्या लोकांनी बसवलं म्हणून न्यूट्रॉन अमेरिकेच्या बाजूनं मोजले जात नाहीत.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो.

मी नंदेसरी-रणोलीकडच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला होतो. बंद व्हेसलमध्ये माल किती चढलाय ते बाहेरून बघायला सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याचे गेज असतात. एका बाजूला शिशाच्या जाड डब्यात सोर्स, समोर डिटेक्टर. असे सोर्स असतील तिथे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, नेमावा लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मान्यतेनं. मुंबईला कोर्स करून, परीक्षा देऊन मी आरएसओ झालो. पगारात काही फरक पडला नाही. छातीवर, अंगावर किती किरणं पडली ते नोंदणारा टीएलडी बॅज आला आणि ताब्यात एक रजिस्टर आलं. त्या रजिस्टरवर माझा फार जीव होता, हसायचं असेल तर हसा.

साडू त्याच कारखान्यात प्रॉडक्शनचे मॅनेजर. (माझं लग्न आधी झालं की नोकरी आधी लागली, यात पडू नका.)

एका मोठ्या शटडाऊनला व्हेसलचं इन्सुलेशन बदलायचं म्हणून गेज उतरवायचे होते. शटर बंद, कुलूप, रजिस्टरात नोंद, मग सोर्स रूम, हा क्रम. मधेच मला दुसऱ्या प्लांटला पाठवलं गेलं आणि माझ्या पाठीमागे एक गेज उतरलं. परत बसवायच्या वेळी रजिस्टरातला एक सिरियल नंबर कुठेच मिळेना. व्हेसलवर नाही, सोर्स रूममध्ये नाही. आणि गेटजवळ भंगाराचा ट्रक काट्यावर उभा.

मी सांगितलं, ट्रक सुटणार नाही आणि प्लांटही चालू होणार नाही. साडू म्हणाले, "अहो, असेल इथेच कुठेतरी. रजिस्टरात 'स्टोअरमध्ये' असं लिहून टाका, सापडलं की बघू." मी म्हटलं, लिहिणार नाही. तेव्हा सगळ्या ऑपरेटरांसमोर ते वाक्य आलं: "अमेरिकेनं हजारो बाँब करून ठेवलेत, त्यांना कोण विचारतं? आणि तुम्ही एका डबीसाठी माझा प्लांट अडवून बसलात!"

दिल्लीच्या मायापुरीचं प्रकरण तेव्हा सगळ्या आरएसओंच्या डोक्यात ताजं होतं. २०१० मध्ये एका विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं यंत्र तिथल्या भंगारवाल्यांनी फोडलं, त्यातलं कोबाल्ट-६० बाहेर पडलं, काही जण किरणोत्सर्गानं आजारी पडले आणि एक दगावला. कागदावर ते यंत्रही कुठेतरी 'स्टोअरमध्ये'च असेल, असं माझ्या मनात येत होतं.

ट्रक रिकामा करवला. त्यात काही नव्हतं. मग किरणं मोजणारा सर्व्हे मीटर घेऊन यार्ड पालथं घातलं. शिशाचा डबा चांगला असेल तर अगदी जवळ गेल्याशिवाय काटा हलत नाही, त्यामुळे लांबून फिरून उपयोग नसतो, प्रत्येक ढिगाऱ्याशी वाकावं लागतं. अंधार पडायच्या सुमाराला इन्सुलेशनच्या कंत्राटदाराच्या शेडमागे काटा हलला. काचलोकरीच्या गठ्ठ्यांवर ताडपत्री टाकलेली आणि तिच्या कोपऱ्यावर आमचा डबा. कुणीतरी त्याच्यावर अॅल्युमिनियम पेंटचा हात मारला होता, पिवळं चिन्ह रंगाखाली गेलेलं. नंबराची पट्टी तेवढी बोटाला लागली. कुलूप शाबूत, शटर बंद, कुणाला काही झालेलं नाही. तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, आ तो ताडपत्री ऊडी ना जाय एटले मूक्युं छे." म्हणजे ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलंय. त्याला काय बोलणार?

प्लांट रात्री उशिरा चालू झाला. उत्पादन का अडलं याचा लेखी खुलासा मात्र माझ्याकडूनच मागवला गेला. कुणाच्या सहीनं ते सांगत नाही, सासरवाडीची माणसं हे वाचतात.

त्यानंतर दांडिया बाजारात सासरी श्रीखंड-पुरीच्या पंगतीला साडूंनी हा किस्सा माझी गंमत म्हणून सांगितला, पुन्हा अमेरिकेच्या बाँबसकट. तेव्हापासून माझं मत बसलं ते बसलं. ढोंगाचा मुद्दा कोण काढतं ते बघा. ज्याच्याकडची मोजणी चाललेली असते तोच. मोठे देश आपली शस्त्रं मोजू देत नाहीत, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण ती करून कुणाचा गहाळ डबा सापडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

साडूंचा पुढचा डाव असतो की ज्यानं शिकवलं त्याचीच री ओढणार. मग २००३ साल आठवा. इराकनं नायजरकडून युरेनियम घ्यायचा प्रयत्न केल्याची कागदपत्रं अमेरिका-ब्रिटन नाचवत होते. ७ मार्चला आयएईएचे प्रमुख अल-बारादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की ती कागदपत्रं अस्सल नाहीत, आणि इराकनं अण्वस्त्रांचा कार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा आम्हाला मिळालेला नाही. अमेरिकेनं दोन आठवड्यांत युद्ध सुरू केलंच, तो भाग वेगळा. पण ज्यांच्या हातात अमेरिकेनं मोजायची यंत्रं दिली त्यांनीच तिला तोंडावर 'नाही' म्हटलं.

दुसरं उदाहरण इराणचं, उलट बाजूचं. सुती फडक्याचा छोटा चौकोन यंत्रांवरून, भिंतींवरून पुसायचा, पिशवीत बंद करायचा आणि व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत न्यायचा. तिथून सांकेतिक क्रमांक लावून नमुने इतर देशांतल्या प्रयोगशाळांकडेही जातात, म्हणजे तपासणाऱ्याला कळत नाही की कण कुठल्या देशातले आहेत. त्यातल्या काही प्रयोगशाळा अण्वस्त्रधारी देशांच्याच, कारण एकमेकांच्या बाँबचाचण्यांची धूळ गोळा करता करता त्यांचा या कामात हात बसलेला. १९९१ नंतर, इराकचा बाँबचा छुपा उद्योग उघडा पडल्यावर, आयएईएनं ही पद्धत आपलीशी केली. २००३ मध्ये इराणमधल्या फडक्यांवर अतिसमृद्ध युरेनियमचे कण निघाले. इराण म्हणाला, हे आम्ही बाहेरून घेतलेल्या जुन्या सुट्या भागांवरून आलंय. पाकिस्तानकडून तसल्या भागांचे नमुने आणून ताडून पाहिले, आणि २००५ मध्ये इराणचं ते म्हणणं बहुतांशी खरं ठरलं. अमेरिकेला हे आवडलं असेल असं वाटत नाही. कणांना आवडीनिवडी नसतात.

साडूंना जे द्यायला हवं ते देतो. पाच अधिकृत अण्वस्त्रधारी देशांनी आयएईएशी केलेले करार स्वखुशीचे आहेत: ब्रिटन १९७८, अमेरिका १९८०, फ्रान्स १९८१, सोव्हिएत संघ १९८५, चीन १९८९. काय दाखवायचं ते त्यांनीच ठरवायचं, आणि दाखवलेल्यातलंही थोडंच तपासलं जातं, कारण आयएईएचा पैसा बाँब नसलेल्यांकडे जास्त लागतो. यात समानता शोधू नका, सापडणार नाही.

आणि आपण? आपणही त्याच पंक्तीला बसलोय, अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेले. तारापूरवर १९७१ च्या त्रिपक्षीय करारापासून आयएईएची नजर आहे. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारानंतर २००९ मध्ये नवा सेफगार्ड्स करार, म्हणजे आयएईएच्या तपासणीचा करार, लागू झाला, २०१४ मध्ये त्याला जोडून अतिरिक्त प्रोटोकॉल. १४ अणुभट्ट्या नागरी म्हणून वेगळ्या काढल्या, त्यात आमच्या गुजरातेतल्या काकरापारच्या पहिल्या दोन आहेत. बाकीच्यातलं काय दाखवायचं ते आपलं आपण ठरवायचं. म्हणजे ढोंगाच्या यादीत आपलंही नाव घाला, मग बोलू.

माझं म्हणणं असं की आपण द्यायच्या बाजूला जास्त जोरानं उतरावं. काकरापारसारख्या जड पाण्याच्या भट्टीत चालू असतानाच इंधन बदलतात. २२० मेगावॅटच्या एका भट्टीत ३०६ नळ्या, प्रत्येकीत इंधनाचे १२ गठ्ठे. आज इथला काढला, उद्या तिथला. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांसारखं झाकण उघडेपर्यंत सगळं जागच्या जागी, असं तिथे नसतं. बाहेर पडणारा प्रत्येक गठ्ठा मोजणारी यंत्रं मुख्यतः कॅनडानं घडवली, कारण ही भट्टी त्यांच्या घरची. आपण त्याच जातीच्या भट्ट्या गेली कित्येक दशकं स्वतः बांधतोय, चालवतोय. मग त्यांच्या मोजणीतला पुढचा सुधार आपल्याकडून का जाऊ नये? हरियाणातल्या बहादूरगडजवळ आपलं जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्र आहे, २०१० च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत मनमोहन सिंग यांनी जाहीर केलेलं. तिथे परदेशी लोकांना खऱ्या उपकरणांवर आणखी शिकवा. साडू म्हणतील, आपली विद्या फुकट का वाटायची? ज्यांनी वाटली त्यांच्याच पद्धतीनं आज जग मोजतंय, म्हणून.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. देणारे सगळेच बाँबवाले नाहीत. वापरलेल्या इंधनाच्या तळ्यातली निळी चमक टिपून इंधन खरं आहे का ते बघणारा कॅमेरा स्वीडन आणि कॅनडानं मिळून केला. जर्मनी, जपान, फिनलंड यांचाही वाटा मोठा आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नातला 'तेच देश' हा शब्द थोडा सैल करा. हेरगिरीची भीतीही अगदीच हवेतली नाही. १९९० च्या दशकात इराकमध्ये रासायनिक अस्त्रं आणि क्षेपणास्त्रं शोधणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या पथकाचा अमेरिकेनं हेरगिरीसाठी वापर केल्याचं १९९९ मध्ये बाहेर आलं. ते पथक आयएईएचं नव्हतं, पण संशय सगळ्यांवर बसला. म्हणून तर दुसऱ्याचं यंत्र वापरात घेण्याआधी त्यात कुठे फट आहे का ते तिऱ्हाइताकडून तपासून घेतात.

आणि हो, कुणीतरी काढणारच, म्हणून मीच सांगतो: माझं सीझियम सेफगार्ड्सच्या हिशेबात येत नाही. तिथे युरेनियम, प्लुटोनियम आणि थोरियम मोजतात. सीझियमचा अणुबाँब होत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब व्हिएन्ना मागत नाही. माझ्याकडे तो मुंबईच्या नियामक मंडळानं मागितला होता, आणि मी तो नंबरासकट दिला.