पाठांतराआधी हे शिकून घे

एमपीएससीची तयारी आत्ताच सुरू करतोयस ना, मग पहिले काही दिवस स्मरणतंत्राला दे. राज्यघटनेतल्या कलमाचा अर्थ आधी समजून घ्यायचा, ती मेहनत काही टळत नाही. मग मनातल्या मनात ओळखीचा रस्ता धर, समजा पुण्यातला: शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती. प्रत्येक ठिकाणी एकेका कलमाचं चित्र ठेव. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांना भलामोठा तराजू लटकलाय: कलम 14, समानता. लाल महालाच्या दारात सगळे एकाच माठातलं पाणी पितायत: कलम 17, अस्पृश्यता नष्ट. आकडाही चित्रातच घाल, चौदा खिळे, सतरा पेले; परीक्षेत नेमका तोच निसटतो. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, आणि तीही वही मिटून. विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसने 1885 मध्येच दाखवलंय.